पायाळूची लाथ

वसमतच्या दवाखान्यात मी नोकरीला लागले तेव्हा मला औषधांच्या रिकाम्या खोक्यांची खोली दिली होती. खोली एका ट्रस्टच्या छोट्याशा दवाखान्यातली. एक लाकडी बाक, भिंतीला टांगलेली कप्पी, शेकायचा दिवा आणि करंटची पेटी एवढं सामान. फिजिओथेरपी म्हणायला कोणाची जीभ वळत नसे. तोंडावर मला ‘व्यायामवाल्या बाई’ म्हणत आणि पाठीमागे ‘रडवणाऱ्या बाई’. पाठीमागचं नाव जास्त खरं होतं. आखडलेला सांधा उघडायचा म्हटलं की दुखतंच, आणि माझा आवाजही काही नाजूक नाही. आमचा तालुका तेव्हा परभणी जिल्ह्यात होता. हिंगोली जिल्हा मागाहून झाला. माझी बदली कधी झाली नाही, पण जिल्हा मात्र बदलला.

हळद काढायचे दिवस आले की कंबर धरलेल्यांची रांग लागे. कुरुंद्याचे एक आजोबा होते, त्यांना हातानं केलेला इलाज इलाजच वाटायचा नाही. ‘बाई, नुसतं काय दाबून राहिल्या? करंट लावा की.’ एकदा लाइट गेलेली होती. मी पेटीच्या पट्ट्या तशाच कमरेला चिकटवल्या आणि पंधरा मिनिटं गप्पा मारल्या. उठताना आजोबा म्हणाले, ‘आज बराबर बसला करंट.’ मी पट्ट्या काढून ठेवल्या. माणसाला बरं वाटलं की त्याच्याशी वाद घालू नये, असं मला तेव्हा वाटायचं. पुढे वनिताच्या घरानं मला वेगळं शिकवलं.

वनिता पाच महिन्यांची असताना तिला माझ्याकडे आणली. शिरड शहापूरच्या अलीकडच्या वाडीतलं मेंढरं राखणारं घर. बाप मारोती उंच, हडकुळा, बोलणं कमी. आई पदर तोंडाशी धरून दाराशी उभी. लेकरू होतं आजीच्या कडेवर, घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं. आजीचं नाव केवळाबाई. सगळा गाव तिला केवळामाय म्हणायचा.

‘पायाळू हाय,’ केवळाबाई म्हणाली. ‘पाय आधी आले. डोकं अडकलं व्हतं. घरातच वढून काढावं लागलं.’

जे मूल पायांकडून जन्मतं ते पायाळू. आमच्याकडे अशा माणसाला मान असतो. कंबरेत उसण भरली, चमक निघाली की पायाळू माणसाकडून पाठीत हलकी लाथ मारून घ्यायची, म्हणजे चमक जाते, असं मानतात. माझ्या माहेरीही मानत. मी लहानपणी असा एक मनुष्य पाहिलाय, दुकानाच्या पायरीवर बसून ऐटीत लाथा द्यायचा.

वनिताचे हात छान चालत होते. तिनं माझा चष्मा धरला आणि सोडेना. पाय मात्र पडलेले. चिठ्ठीवर कोणीतरी लिहिलं होतं, ‘दोन्ही पायांत ताकद कमी’. मी तिच्या तळव्यावरून अंगठा फिरवला. पाय पोटाशी गोळा झाला आणि मग फटकन सरळ झाला.

‘हलला की! चांगली खूण आहे, आजी,’ मी म्हणाले आणि तोंडभर हसले.

मला वाटलं, ओढताना खुब्याजवळची नस ताणली गेली असेल आणि आता ती जागी होतेय. नवी होते, उत्साह होता, आणि दिवसभर आखडलेल्या म्हाताऱ्या गुडघ्यांशी झटून हात टेकलेले असताना एका बाळाचा पाय हललेला पाहून माझाच जीव हरखला. मी तिची पाठ नीट तपासली नाही. पाय हलला तेव्हा तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. तळव्याला कोणी नख लावलं तर बाळानं दचकावं, कुरकुर करावं. वनिता माझ्या चष्म्याशी खेळत होती. तिच्या पायाला काय झालं ते तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवतात ती गोष्ट मी विसरले.

दर आठवड्याला आणा, असं सांगितलं होतं. ती दोनदा आली, नंतर येईना. मेंढरं चरायला लांब गेली असतील, एसटी चुकत असेल, असं म्हणून मी पुढच्या माणसाचा खांदा हातात घेतला. खरं सांगायचं तर मी तिला विसरले.

दहा महिन्यांनी त्याच वाडीत आरोग्य शिबिर होतं. मी शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडून बसले होते. कमरेत वाकलेला एक गडी आला. मी त्याला पालथं झोपायला सांगितलं, तर म्हणाला, ‘बाई, तुमची गोळी राहू द्या. मी आपलं लाथ खाऊन येतो.’

‘कोणाची?’

‘केवळामायच्या नातीची. लेकरू एवढंसं हाय, पण लाथ लई कडक.’

टेबल तसंच सोडून मी त्याच्या मागे निघाले.

मेंढरांच्या कुंपणाशी सहासात माणसं उकिडवी बसलेली. मधे घोंगडीवर एक बाई पालथी पडली होती. केवळाबाई तिच्या शेजारी मांडी घालून, मांडीवर वनिता, आणि वनिताचे पाय त्या बाईच्या पाठीवर. केवळाबाईनं नातीच्या तळव्यावरून अंगठा फिरवला. अगदी माझ्यासारखा. पाय गोळा झाला, फटकन सरळ झाला आणि टाच कमरेत बसली. बाई ‘आई गं’ म्हणून उठली, तिनं वनिताच्या पायांना हात लावून कपाळाला लावला आणि गुळाचा खडा पुढे ठेवला. वनिता खदखदून हसत होती. एवढी माणसं रोज आपल्याला पाहायला येतात, याचा तिला आनंद होता.

मी तिला उचलून घेतलं. दोन्ही गुडघे एकावर एक चढले होते, कात्रीच्या पात्यांसारखे. मांड्या उघडायला गेले तर उघडेनात. डावी मांडी उजवीपेक्षा आखूड दिसत होती. खुबा खोबणीतून निसटत चालल्याची ती खूण.

डोक्यात तिडीक गेली. ‘काय चालवलंय हे? लेकराचा पाय म्हणजे काय दगडी वरवंटा आहे? कोणी सांगितलं होतं असं करायला?’

केवळाबाई शांतपणे म्हणाली, ‘तुमीच म्हणलता, पाय हलला की चांगलं. मी रोज हलवते. सकाळी पन्नास, सांजच्याला पन्नास. लोक मागून याया लागले.’

मला तोंडात मारल्यासारखं झालं. बसलेल्या माणसांपैकी कोणी उठलं नाही. सगळ्यांसमोर मी खालच्या आवाजात सांगितलं की हे आजपासून बंद.

‘बंद कसं करू?’ केवळाबाई म्हणाली. ‘लेकरू पांगळं हाय, हे साऱ्या गावाला म्हाईत हाय. तरीबी लोक तिच्या पाया पडून राहिले. ह्या पायामुळं पडून राहिले. उद्या पाय गप झाला तर तिला कोण इचारतंय? मी मेल्यावर तिला कोण बघतंय?’

‘आजी, पाय असाच झाडत राहिला तर ती बसणार नाही. मांड्या उघडल्या नाहीत तर तिला धुता येणार नाही, मांडीवर घेता येणार नाही, शाळेत बसवता येणार नाही. एक खुबा चाललाय. दुसराही गेला तर जन्मभर आडवी राहील.’

केवळाबाईनं लेकरू माझ्या हातातून घेतलं. नातीच्या अंगावर घोंगडी ओढली आणि आत गेली.

एसटीच्या थांब्यापर्यंत मारोती मला सोडायला आला. अर्धी वाट तो काठीनं रस्त्यातले खडे बाजूला सारत चालला होता. मग म्हणाला, ‘बाई, एक इचारू का? रागावू नका.’

‘विचारा, मारोतराव.’

‘बकरं कापलं का मुंडकं तिकडं पडतंय. जीव गेलेला असतो. तरीबी पाय झाडतंय, लई येळ झाडतंय. वनीचं तसंच हाय का?’

मी चालायची थांबले. कॉलेजात पुस्तकं घोकून मला जे त्या दिवशी आठवलं नव्हतं, ते या माणसानं सणासुदीला अंगणात पाहिलं होतं. डोक्याचा पायाशी संबंध तुटला तरी पाय हलतो. उलट जास्तच हलतो, कारण त्याला आवरणारं वर कोणी राहत नाही.

‘तसंच असावं,’ मी म्हणाले. ‘तुम्हाला हे कधीपासून वाटत होतं?’

‘पयल्या दिवसापासून. तुमच्या खोलीतच वाटलं.’

‘मग काहून नाही बोललात?’ मीही त्याच्यासारखंच बोलून गेले.

‘तुमी शिकलेल्या,’ एवढंच तो म्हणाला. एसटी आली, मी चढले.

मोठ्या शहरात नेऊन तपासण्या केल्या. जन्मताना ओढाताण झाली तेव्हा मानेच्या खाली, पाठीच्या वरच्या भागात मज्जारज्जूला इजा झाली होती. हात वाचले होते. त्याखालचं सगळं मेंदूपासून तुटलेलं. पाय चालणार नाहीत हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. राखायचं ते एकच, तिचं बसणं.

पुढच्या आठवड्यात घरची सगळी माझ्या खोलीत आली. मी केवळाबाईपुढे कबूल केलं की त्या दिवशी माझं चुकलं. मला वाटलं, ती भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं.

‘डोळे फुटले न्हाईत माझे,’ ती म्हणाली. ‘मारोतीला दिसलं ते मलाबी दिसलं. साठ वर्सं बकऱ्यांत काढली म्या. पण तुमी हसला व्हता, बाई. त्या दिशी तुमी लई हसला व्हता. म्या म्हणलं, शिकलेली बाई एवढी हसून राहिली, म्हंजी आपलं बघितलेलं खोटं असंल.’

रोग्यापुढे रडायचं नसतं, असा माझा नियम होता. मी करंटची पेटी पुसत उभी राहिले.

कामाला लागलो. तळव्याला हात लावायचा नाही. उचलताना मांडीखालून धरायचं. सकाळ-संध्याकाळ मांड्या हळूहळू, अगदी मिनिट मिनिट धरून उघडायच्या. झटका दिला की स्नायू उलट आवळतो. धीर धरला तर सैल पडतो. मांड्यांच्या मधे ठेवायला मला कापसाची घट्ट उशी हवी होती. मी दिलेली उशी दोन दिवसांत चपटी झाली. केवळाबाईनं ती पाहिली, बाजूला टाकली आणि पुढच्या खेपेला लोकर ठासून भरलेलं एक पाचरीसारखं गाठोडं घेऊन आली, वरून घोंगडीच शिवलेली. इतकी वर्षं मी नंतर लोकांना तसलंच गाठोडं शिवायला सांगत आले.

गावातली माणसं काही दिवस येतच राहिली. केवळाबाई दारात आडवी बसायची. ‘लाथ बंद हाय. जा, गोळी घ्या,’ असं ज्या बाईनं कधी गोळी घेतली नव्हती ती सांगायची. काही लोक रागावले. पायाळूनं नाही म्हणू नये, असंही कोणी बोललं. हळूहळू अंगण रिकामं झालं. वनिता बोलायला लागल्यावर तिनं मला एकदा विचारलं, ‘बाई, आधी लोक येयाचे, आता काहून येईनात?’ तिला ते दिवस आठवत असणं शक्य नव्हतं. आजीनं सांगितलेलं ती आपलं म्हणून सांगत होती.

डावा खुबा हाती लागला नाही. तो निसटलाच. उजवा राहिला. पाच वर्षांची झाल्यावर मांड्यांच्या आतले स्नायू सैल करायचं ऑपरेशन झालं, पाय आवळू नयेत म्हणून औषध सुरू झालं. मग एका कुल्ल्याखाली लोकरीची गादी ठेवली की वनिता बसू लागली. जराशी डावीकडे कललेली, पण बसलेली. मारोतीनं तिला पाठीवर घेऊन शाळेत नेलं, नंतर हातानं चालवायची तीनचाकी मिळाली.

ती सातेक वर्षांची असताना मी औरंगाबादला एका प्रशिक्षणाला गेले होते. मज्जातंतूंचे एक डॉक्टर बोलले. ते जे बोलले ते मी घरी येईपर्यंत मनात घोळवत होते. स्नायूला ‘आवळ’ असा हुकूम देणाऱ्या पेशी मज्जारज्जूत असतात. त्यांच्या शेजारी दुसऱ्या पेशी असतात, त्यांचं काम ‘थांब’ सांगायचं. आपण सरळ चालतो ते या ‘थांब’मुळे. पण अगदी कोवळ्या जिवात गंमत उलटी असते. हुकूम देणाऱ्या पेशीच्या आत क्लोराइड नावाचं, मिठातलंच एक द्रव्य जास्त साठलेलं असतं. त्यामुळे ‘थांब’ असा निरोप आला की ती थांबायच्या ऐवजी चेतते. जीव वाढतो तसा पेशीतला पंप ते द्रव्य बाहेर काढतो आणि मग तोच निरोप खरंच थांबवायला लागतो. हा बदल पुरा व्हायला वरून, मेंदूकडून येणाऱ्या तारांची सोबत लागते. त्या आधीच तुटल्या तर बदल अर्धवट राहतो. मोठ्या माणसाच्या पाठीला मार लागला तर शिकलेलं थांबणं बिघडतं. बाळाला लागला तर त्या पेशी थांबायला शिकतच नाहीत.

हे बहुतेक उंदरांच्या पिलांत पाहिलेलं आहे, माणसाच्या लेकरात कितपत तसंच असेल ते पक्कं नाही, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं. जनावरांचे पाय रोज, हळू, एका तालात फिरवले तर हे थांबणं थोडं सुधारतं असंही दिसतंय, असं ते म्हणाले.

चहाच्या वेळी मी त्यांना गाठलं. वनिताची सगळी हकिकत सांगितली, माझ्या हसण्यासकट. विचारलं, ‘ते दहा महिने मी तिचे पाय तालात फिरवले असते तर?’

ते प्रामाणिक मनुष्य होते. ‘सांगता येणार नाही,’ म्हणाले. ‘खुबा कदाचित वाचला असता. बाकीचं मला माहीत नाही.’

मारोतीला मी हे त्याच्या भाषेत सांगितलं. मेंढरांमागचं कुत्रं पिलू असतं तेव्हा मालक ‘थांब’ ओरडला की ते आणखीच धावतं. मालकाच्या मागे राहून राहून त्याला कळतं की हा आवाज म्हणजे थांबायचं. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, ‘म्हंजी वनीच्या पायाचा मालक पिलूपणीच गेला.’ आणि पुढे, ‘त्यात पायाची काय चूक.’ त्यानं माझी चूक काढली नाही. कधीच काढली नाही. ते मला आजही लागतं.

शेवटचं सांगते. वनिता अकरा वर्षांची होती, सहावीत. मी तिची गादी बघायला वाडीत गेले होते. केवळाबाई अंगणात घोंगडीवर पालथी पडलेली. पाण्याची घागर उचलताना तिच्याच कंबरेत चमक भरली होती. मी हात लावायला गेले तर म्हणाली, ‘तुमी न्हाई. वनीला म्हणा.’

वनिता तीनचाकीवरून माझ्याकडे बघून हसली. ‘बाई, माझा पाय उचलून आजीच्या पाठीवर ठिवता का? माझ्यानं होईना.’

साऱ्या वाडीला मी या लाथेवरून झापलं होतं. दहा वर्षं मी त्या तळव्याला हात लावला नव्हता, कोणाला लावू दिला नव्हता. मी तीनचाकी जवळ ओढली, खाली बसले आणि तिचा उजवा पाय तळव्याखालून हातात घेतला. आता गोळा होईल, आता झाडेल. पाय किंचित थरथरला आणि तसाच राहिला. मी तो केवळाबाईच्या कमरेवर टेकवला.

‘लाथ न्हाई बसली, आजी,’ वनिता म्हणाली.

‘नको लाथ,’ केवळाबाई म्हणाली. ‘तसाच राहू दे. गप हाय, बरा हाय.’ मग मान वळवून तिनं माझ्याकडे पाहिलं. ‘आता हसा की, बाई. आता बराबर हाय.’

मला हसता आलं नाही. मी वनिताचा पाय दोन्ही हातांनी तिथेच धरून बसून राहिले. केवळाबाईचा डोळा लागेपर्यंत मी तो हलवला नाही.